चाकरीचे संगीत आणि नोंदीचा प्रश्न

१

परंड्याच्या किल्ल्याविषयी लिहिणारा प्रत्येक जण मलिक-ए-मैदान तोफेचा उल्लेख करतो. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ पुढे आमच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली ती विजापूरला नेण्यात आली. ती ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमीचे नाव तोफेवर कोरलेले आहे. सुमारे पंचावन्न टनांचे ते धूड परंड्याहून विजापूरपर्यंत ज्यांनी ओढत नेले, त्यासाठी वाट केली, दोर वळले, त्यांची नावे मात्र कुठेही कोरलेली नाहीत. दोर वळणे हे आमच्या मांगवाड्याचे पिढीजात काम. त्यामुळे त्या दोरांपैकी एखादा तरी आमच्या वाड्यात वळला गेला असावा, असे मला लहानपणापासून वाटत आले. ह्याला पुरावा नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून तीस वर्षे मी हे वर्गात कधी बोललो नाही.

ह्याच किल्ल्याशी आणखी एक नाव जोडलेले आहे. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेले, तेव्हा मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवले आणि परंडा ही निजामशाहीची राजधानी झाली. मलिक अंबर जन्माने हबशी. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला आणि हातोहात विकला जात दख्खनमध्ये आलेला. गुलामाने राज्य चालवले, मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले, जमीनमहसुलाची व्यवस्था लावली. हे आम्ही मुलांना शिकवतो. पण 'गुलाम' हा शब्द उच्चारून पुढच्या वाक्यावर चटकन जातो. त्या शब्दापाशी थांबायची आपल्याला सवय नाही.

आता किल्ला सोडून मी संगीताकडे वळतो, आणि तेही युरोपच्या संगीताकडे. वाचकांपैकी काही जण विचारतील की परंड्याच्या निवृत्त मास्तराचा सिम्फनीशी संबंध काय? राजवाड्यांत वाजलेल्या संगीताचे दलित चळवळीला काय प्रयोजन? हा प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

२

दोन वर्षांपूर्वी पुण्यात शिकणारी माझी नात सुट्टीत घरी आली होती. मी तिला मलिक अंबरची हकिकत सांगत होतो. ती म्हणाली, "आबा, असाच एक माणूस फ्रान्समध्ये होता. हे ऐका." तिने मोबाइल माझ्या कानाशी धरला. व्हायोलिनांचा एक घोळका, त्यामागे दोन शिंगवाद्ये, दोन सनईसारखी वाद्ये. पंधरा मिनिटांत सगळे संपले. मला त्यातले फारसे कळले नाही. पण वाजवणाऱ्यांची चाल ठाम होती. कुणापुढे वाकून वाजवल्यासारखे ते वाटत नव्हते. तो माणूस म्हणजे जोसेफ बोलोन, शव्हालिए द सें-जॉर्ज. १७४५ साली ग्वादलूप बेटावर जन्मलेला. बाप ऊसमळ्याचा गोरा मालक. आई नानों, आफ्रिकी वंशाची गुलाम.

त्यानंतर मी ह्या विषयाचे जे मिळेल ते वाचू लागलो, नातीकडून ऐकू लागलो. सें-जॉर्जकडे येण्यापूर्वी त्या काळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली, तीन-चार भागांची, गाण्याच्या शब्दांवाचून उभी राहणारी रचना. १७५० ते १८२० हा तिचा अभिजात काळ मानतात. सामान्य श्रोत्याला ह्या काळातील तीनच नावे माहीत असतात: हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन. पण जॅन लारू ह्या अमेरिकन संशोधकाने अठराव्या शतकातील सिम्फनींची जी सूची १९८८ साली प्रसिद्ध केली, तिच्यात सोळा हजारांहून अधिक नोंदी आहेत. हायडनच्या क्रमांकित सिम्फनी १०४, मोझार्टच्या ४१, बेथोव्हेनच्या ९. तिघांच्या मिळून दोनशेसुद्धा होत नाहीत. उरलेल्या हजारो कुणाच्या? त्या ग्रंथालयांच्या कपाटांत आणि मठांच्या तळघरांत होत्या. त्यांना 'अल्पपरिचित' म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द फसवा आहे. परिचय नसणे हा काही रचनेचा गुण किंवा दोष नव्हे. परिचय करून घ्यायला कुणी गेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हे संगीत कोणत्या परिस्थितीत निर्माण झाले, हेही पाहिले पाहिजे. आपण ज्याला राजवाड्याचे संगीत म्हणतो ते राजाने लिहिलेले नव्हते, त्याच्या चाकरांनी लिहिलेले होते. हायडन हा गाडीची चाके बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. १७६१ साली एस्टरहाझी सरदाराकडे तो नोकरीस लागला, तेव्हा त्याच्याशी झालेला करार आजही उपलब्ध आहे. त्याने घराण्याचा गणवेश घालावा, पांढरे मोजे स्वच्छ असावेत, दररोज दुपारच्या आधी व नंतर दिवाणखान्याबाहेर उभे राहून आज काय हुकूम आहे हे विचारावे, आणि त्याने लिहिलेले संगीत सरदाराखेरीज कुणाला देऊ नये, अशी कलमे त्यात होती. स्वतःच्या रचनेवर स्वतःचा हक्क नाही. हे कलम अठरा वर्षांनी, १७७९च्या करारात, गेले.

दुसरे नाव वानहालचे. हा बोहेमियातल्या वेठबिगार शेतकरी घरात १७३९ साली जन्मला. कायद्याने तो जमिनीच्या मालकाशी बांधलेला होता. व्हिएन्नाला जाऊन त्याने शिकवण्या केल्या, रचना विकल्या आणि त्या पैशातून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. माणसाने स्वतःलाच विकत घ्यावे लागणे, ह्याचा अर्थ ह्या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे त्याने कुणाची कायमची चाकरी धरली नाही. त्याने सत्तरहून अधिक सिम्फनी लिहिल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांतल्या फारच थोड्या कुणी ऐकल्या होत्या.

तेव्हा राजवाडा आणि संगीत ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. संगीत चाकरीत जन्मले. पण ते चाकरीचे राहिले नाही. हे कसे घडले, हा माझा प्रश्न आहे.

३

सें-जॉर्जची गोष्ट ह्याहून अवघड आहे. सात-आठ वर्षांचा असताना त्याला फ्रान्समध्ये आणले गेले. बापाच्या पैशावर त्याला शिक्षण मिळाले. तलवारबाजीत त्याची कीर्ती झाली. मग तो व्हायोलिन घेऊन उभा राहिला. गोसेक ह्या शेतकऱ्याच्या मुलाने पॅरिसमध्ये १७६९ साली 'कॉन्सेर दे झामाचर' हा वाद्यवृंद काढला होता. सें-जॉर्ज त्यात वाजवू लागला आणि १७७३ साली त्याचा प्रमुख झाला. युरोपातील उत्तम वाद्यवृंदांत त्याची गणना होई.

१७७६ साली पॅरिसच्या ऑपेराच्या संचालकपदासाठी त्याचे नाव पुढे आले. त्याबरोबर तिथल्या काही प्रमुख गायिका व नर्तकींनी राणी मारी आंत्वानेतकडे अर्ज केला. मिश्र वंशाच्या माणसाच्या हुकुमाखाली काम करणे आपल्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असा त्या अर्जाचा आशय होता. सें-जॉर्जची नेमणूक झाली नाही. गुणवत्तेविषयी त्या अर्जात वाद नव्हता. जन्माविषयी होता. आपल्याकडे दलित शिक्षक मुख्याध्यापक व्हायच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत जी कुजबुज चालते, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना ह्या अर्जाची भाषा परकी वाटणार नाही.

फ्रान्समध्ये १७७७ साली काळ्या व मिश्र वंशाच्या लोकांना देशात येण्यास मनाई करणारा कायदा झाला. १७७८ साली गोऱ्यांशी त्यांचे विवाह बंद करण्यात आले. सें-जॉर्जच्या दोन सिम्फनी प्रसिद्ध झाल्या १७७९ साली. म्हणजे ज्या समाजाने त्याला बेटीव्यवहार नाकारला, त्याच समाजाने पुढच्या वर्षी त्याच्या सिम्फनींचे छापील कागद दुकानात मांडले. कलावंत चालतो, माणूस चालत नाही. आमच्या सनईशिवाय लग्न लागत नसे आणि आम्हांला मांडवात जागा नसे. दोन्हीकडचा न्याय एकच.

पुढे हायडनकडून पॅरिससाठी सहा सिम्फनी लिहवून घेण्यात आल्या. त्या ज्या वाद्यवृंदासाठी लिहिल्या गेल्या त्याचा प्रमुख सें-जॉर्जच होता. क्रांती झाल्यावर १७९२ साली अश्वेत सैनिकांची एक पलटण उभी राहिली. तिचा तो सेनापती झाला. १७९३ साली त्याला पदावरून काढून तुरुंगात टाकले गेले आणि तो सुमारे वर्षभर कैदेत होता. १७९९ साली तो वारला. तीन वर्षांनी, १८०२ साली, नेपोलियनने क्रांतीने रद्द केलेली गुलामगिरी पुन्हा चालू केली. ग्वादलूपमध्ये ती लादण्यासाठी जो सेनापती गेला, त्याचे नाव रिशपांस. त्याच्या नावाने पॅरिसमध्ये एक रस्ता होता. २००१-०२ मध्ये ते नाव काढून त्या रस्त्याला सें-जॉर्जचे नाव देण्यात आले. नामांतराला दोनशे वर्षे लागली. मराठवाड्यातल्या वाचकाला मी अधिक काय सांगावे!

मात्र भावनेच्या भरात एक गोष्ट लपवता कामा नये. सें-जॉर्जला जे शिक्षण मिळाले त्याचा पैसा ऊसमळ्यातून आला, आणि तो मळा त्याच्या आईसारख्या माणसांच्या घामावर चालला होता. तो आपल्यासारखा दरिद्री नव्हता. त्याला दलित म्हणणे चुकीचे होईल. त्याची रचना विस्मरणात गेली ह्याला वंशद्वेष हे एकच कारण होते, असेही म्हणता येत नाही. लोकांची आवड बदलली आणि वानहालसारखे गोरे रचनाकारही त्याच्याबरोबर विसरले गेले. पण विसरलेल्यांची आठवण पुन्हा कुणी, कशी आणि कोणत्या नावाने काढली, तिथे भेद स्पष्ट दिसतो. वानहालची आठवण वानहाल म्हणून काढली गेली. सें-जॉर्जची आठवण 'काळा मोझार्ट' म्हणून. तो मोझार्टपेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. मोझार्ट १७७८ साली पॅरिसमध्ये नोकरी शोधत हिंडत होता, तेव्हा सें-जॉर्ज तिथला नावाजलेला वाद्यवृंदप्रमुख होता. तरी त्याला ओळख द्यायची ती दुसऱ्याच्या नावाची उसनी. आपल्या लेखकांना 'दलितांतले अमुक' म्हणून प्रस्थापितांच्या मापाने मोजणारे समीक्षक आपण पाहिले आहेतच.

४

विसरलेली सिम्फनी पुन्हा ऐकू येते ती कशी? ही प्रक्रिया मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात चमत्कार नाही, कष्ट आहेत.

त्या काळी सिम्फनी छापत ती एकत्र नव्हे, तर प्रत्येक वाद्याचे कागद वेगवेगळे. पहिल्या व्हायोलिनचा एक गठ्ठा, दुसऱ्याचा दुसरा, शिंगवाद्याचा तिसरा. दोनशे वर्षांत त्यांतला एखादा गहाळ झालेला असतो, एखाद्यात छापणाऱ्याची चूक असते. संशोधक ग्रंथालयांतून हे कागद गोळा करतो, एकाखाली एक मांडून पूर्ण संहिता तयार करतो, चुका दुरुस्त करतो. मग पुन्हा वादकांसाठी स्वच्छ प्रती काढाव्या लागतात. त्यानंतर वाद्यवृंद. ऐंशी-शंभर वादकांचा मोठा वाद्यवृंद ही पुढच्या शतकातली वाढ. सें-जॉर्जच्या सिम्फनीला तंतुवाद्ये, दोन ओबो आणि दोन हॉर्न एवढेच लागते. त्यामुळे पंचवीस-तीस वादकांचा लहान वाद्यवृंद, ज्याला चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणतात, तो ह्या कामाला योग्य. त्यात प्रत्येकाचा सूर ऐकू येतो आणि खर्चही आवाक्यात राहतो. वादकांनी ही रचना पूर्वी कधी वाजवलेली नसते. थोड्या तालमी, मग लाल दिवा लागतो, सगळे स्तब्ध होतात आणि मुद्रण सुरू होते. कुठे खुर्ची करकरली, हॉर्नचा सूर घसरला, की तेवढा भाग पुन्हा. एकच तुकडा सात-आठ वेळा. शेवटी चांगले तुकडे जोडून पंधरा मिनिटांची एक रचना तयार होते. ती तयार झाली की ऐकणाऱ्याला राजवाड्याच्या दारात उभे राहावे लागत नाही.

हे काम कुणी केले? हायडनच्या सगळ्या सिम्फनी १९६९ ते १९७२ ह्या काळात अंताल दोराती ह्यांनी मुद्रित केल्या. त्यांचा 'फिलहार्मोनिया हंगारिका' हा वाद्यवृंद म्हणजे १९५६च्या उठावानंतर हंगेरीतून परागंदा झालेले वादक. देश गमावलेल्या माणसांनी चाकराचे संगीत जगापुढे ठेवले. १९४९ साली स्थापन झालेल्या 'लंडन मोझार्ट प्लेअर्स' ह्या चेंबर ऑर्केस्ट्राने माथियास बामर्ट ह्यांच्या हाताखाली १९९०च्या दशकापासून मोझार्टच्या समकालीनांची मोठी मालिका काढली. तिच्यात वानहाल, कोझेलुख, गोसेक आहेत. स्वस्त ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या नॅक्सोस कंपनीनेही अशा शेकडो रचना बाहेर आणल्या.

सें-जॉर्जसाठी निर्णायक वर्ष १९७४. त्या वर्षी अमेरिकेत कोलंबिया कंपनीने कृष्णवर्णीय रचनाकारांची एक मालिका सुरू केली. तिचे सूत्रधार पॉल फ्रीमन हे स्वतः कृष्णवर्णीय संगीतसंचालक. पहिल्याच तबकडीवर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेली सें-जॉर्जची जी मेजरमधली सिम्फनी होती. १९७८पर्यंत नऊ तबकड्या निघाल्या. त्यांत गुलामांचा नातू असलेले ब्राझीलचे नूनेस गार्सिया आहेत, विसाव्या शतकातले विल्यम ग्रँट स्टिल आहेत. फ्रान्समध्येही त्याच दशकात जाँ-जाक कांतोरोव्ह ह्यांनी बर्नार तोमा ह्यांच्या चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर सें-जॉर्जच्या व्हायोलिन-रचना मुद्रित केल्या. पुढे फ्रीमन ह्यांनी १९८७ साली 'शिकागो सिन्फोनिएटा' हा वाद्यवृंद काढला, ज्यात वगळल्या गेलेल्या समाजांतील वादकांना जागा मिळावी. २०१५ साली इंग्लंडमध्ये चीची न्वानोकू ह्यांनी 'चिनेके!' वाद्यवृंद स्थापला, त्याचाही हाच हेतू. म्हणजे नुसते मुद्रण करून हे लोक थांबले नाहीत. वाजवणाऱ्यांच्या रांगेत कोण बसणार, हा प्रश्नही त्यांनी घेतला.

१९७४ हे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने आठवते. जानेवारीत वरळी पेटली होती. १० जानेवारीला मोर्च्यात भागवत जाधव मारला गेला. १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. आपण त्यांच्याकडून नाव घेतले, त्वेष घेतला, कवितेतली जळजळ घेतली. पण त्याच वेळी ते दुसरेही एक काम करीत होते. आपल्या विसरलेल्या माणसांचे संगीत शोधून, नावानिशी नोंदवून ठेवण्याचे. ते काम आपल्या ध्यानी आले नाही. निदान माझ्या तरी आले नाही.

५

मुंबईतही ह्या वाद्यवृंदाच्या जगातला एक विसर आहे. हिंदी चित्रपटांतल्या व्हायोलिनांच्या ताफ्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते; चर्चच्या शाळांतून ते सुरांची लिपी शिकून आलेले. पडद्यावर नाव येई ते संगीत दिग्दर्शकाचे. त्यांच्यापैकी माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी १९५८ साली 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला आणि भारतीय राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणाऱ्या स्वतःच्या रचना मुंबईत सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. आज त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे ते १९७७च्या एका चित्रपटातल्या विनोदी गाण्यामुळे. प्यारेलाल ह्यांनी आपल्या गुरूचे नाव त्या गाण्यात आणले. पण ऐकणाऱ्या लाखो लोकांना हा खरा माणूस होता, हे ठाऊकही नाही. नाव उरले, संगीत विस्मरणात गेले.

आणि जिथे नाव उरले नाही आणि संगीतही उरले नाही, त्या ठिकाणी मला आता यायचे आहे. ते ठिकाण म्हणजे माझे घर.

माझे थोरले चुलते, आप्पा, हलगी वाजवीत. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. वाजवण्यापूर्वी चगाळ पेटवून हलगी शेकायची, बोटाने टिचकी मारून ऐकायचे, पुन्हा शेकायची. दवंडीची हलगी वेगळी, वरातीची वेगळी, मयतीची वेगळी, कुस्तीच्या फडातली वेगळी. कुस्ती रंगात आली की ते पैलवानांच्या पायांकडे पाहून वाजवीत. पावसाची वाट पाहणाऱ्या गावात मिरवणूक निघे, तेव्हा त्यांची आणखी एक चाल होती. ती मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली नाही.

पण हे सगळे गावकीत होते. बोलावणे आले की जायचे. ताप असो, घरात मयत असो. लग्नात उन्हात उभे राहायचे, पंगती उठल्यावर उरलेले पदरात घ्यायचे. १९४१ साली ह्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले होते. त्या परिषदेच्या गोष्टी मी आजोबांकडून ऐकल्या होत्या. गावकीचे जोखड फेकून द्या, हा विचार आमच्या घरात तेव्हापासून होता. कृती नव्हती. ती मी केली.

१९७५ साली औरंगाबादहून शिकून घरी आलो आणि आप्पांना म्हणालो, "ह्यापुढे हलगी वाजवायची नाही. हे गुलामीचं वाजवणं आहे." आप्पा थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "बरं. तू शिकलास, तुला कळतं." हलगी खुंटीला लागली. गावातल्या काही घरांनी दोन वर्षे आम्हांला शेतात काम दिले नाही. आम्ही ते सोसले. त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. तो बरोबर होता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

पश्चात्ताप आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. १९८४ साली मी पगारातून टेपरेकॉर्डर घेतला. सभांतली भाषणे मुद्रित करी, मुलांचे बोबडे बोल मुद्रित केले. एका संध्याकाळी आप्पा उंबऱ्यावर बसले होते. ते म्हणाले, "ह्यात माझं वाजवणं राहील का रे?" मी म्हणालो, "आप्पा, आता ते कशाला?" ते हसले आणि उठून गेले. पुन्हा त्यांनी विचारले नाही. १९९१ साली ते वारले. त्यांच्या चाली त्यांच्याबरोबर गेल्या. माझ्याजवळ त्या काळची एक कॅसेट उरली आहे. तिच्यात जयंतीच्या मिरवणुकीतल्या घोषणांमागे कुठेतरी हलगी ऐकू येते. वाजवणारा कोण, ते सांगता येत नाही.

मी इतिहासाचा शिक्षक होतो. तोफेवरचे नाव मुलांकडून पाठ करून घेत होतो. माझ्या हातात यंत्र होते, कॅसेट होती, समोर माणूस होता. आणि मी विचारले, कशाला?

६

माझी चूक कोणती, हे मला सें-जॉर्ज, हायडन आणि वानहाल ह्यांच्या गोष्टींतून समजले. मी गावकी आणि हलगी ह्यांना एक मानले. चाकरी नाकारली पाहिजे होती, ती नाकारली. पण चाकरीत सापडलेली विद्याही तिच्याबरोबर उकिरड्यावर टाकली. हायडनचा गणवेश आज कुणी घालत नाही. सरदाराच्या दिवाणखान्याबाहेर कुणी उभे राहत नाही. पण त्याने रचलेले उरले, कारण ते लिहिले गेले, छापले गेले, मुद्रित झाले आणि त्यावर त्याचे नाव राहिले. नोंद झाली की कला मालकाच्या दारातून सुटते. ज्या कलेची नोंद होत नाही, तिला दोनच वाटा राहतात: मालकाच्या दारात वाजत राहणे किंवा मरणे. आप्पांपुढे मी ह्या दोनच वाटा ठेवल्या. तिसरी वाट माझ्या घरात, टेबलावर, कापडाने झाकून ठेवलेली होती.

लिहिणे-वाचणे नाकारले गेले म्हणून आमच्या वाद्यांची लिपी झाली नाही. सें-जॉर्जचे कागद निदान ग्रंथालयात होते. आमच्या चाली फक्त हातांत होत्या. म्हणून आमच्या बाबतीत दोनशे वर्षांनी येणारा संशोधक उपयोगाचा नाही. त्याला काहीही सापडणार नाही.

ह्याची उदाहरणे आपल्याकडे घडलेली नाहीत असे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ ह्यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात मुद्रित आहेत. २०१७पासून त्या सर्वांना ऐकण्यासाठी खुल्या झाल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव तिथे लिहिलेले आहे. जाते गेले, दळणाचे कष्ट गेले, ते जायलाच हवे होते. ओवी राहिली.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान ह्यांच्या तबकड्या निघाल्या. गाणे संपले की त्या स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत, कारण तबकड्या परदेशात तयार होत आणि कोणती कुणाची हे तिथल्या लोकांना कळावे. कोठ्यावरच्या बाईने स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि ते आजपर्यंत टिकले. मला वाटते, आपण एवढे तरी करावे.

आज प्रत्येक कार्यकर्त्याच्या खिशात मुद्रणयंत्र आहे. परंड्याच्या आसपासच्या गावांत अजून काही जुने हलगीवाले, सनईवाले, सूर धरणारे हयात आहेत. त्यांना महोत्सवात 'लोककलावंत' म्हणून नाचवण्याची आवश्यकता नाही; त्या शब्दात माणसाचे नाव पुसले जाते. गावकीकडे परत जाण्याचा तर प्रश्नच नाही. त्यांच्या अंगणात बसावे. मोबदला द्यावा. कोणती चाल कोणत्या प्रसंगाची, कुणाकडून शिकलात, कुणी मारले, कुणी हिणवले, तेही विचारावे आणि तेही नोंदवावे. कारण वेदना वगळून केलेली नोंद ही अर्धीच नोंद असते. मुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरी राहावी आणि तिच्यावर पहिला हक्क त्यांचा असावा. आणि वाजवणे संपल्यावर त्यांना एवढेच सांगावे, आता तुमचे नाव बोला.

माझी नात ह्या दिवाळीत तीन गावांना जाऊन आली. एका म्हाताऱ्या वादकाने दोन तास वाजवले. शेवटी तिने नाव सांगायला सांगितले, तेव्हा त्यांनी आधी गावाचे नाव सांगितले, मग पाटलाचे, ज्यांच्या दारात ते वाजवीत आले होते. तिने पुन्हा विचारले. तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव सांगितले. ते मुद्रण मी ऐकले आहे. नाव सांगण्यापूर्वी ते जरा थांबले आहेत. तेवढी शांतता काढून टाकू नकोस, असे मी तिला म्हणालो.